तिवसाची काठी आणि अभिमन आबांचा विळा

आज शनिवार, दिनांक ८ मार्च २०२५. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. डोंगराच्या राखणीच्या नव्या वहीला मी खाकी कव्हर घालत होतो. ते अर्धं ठेवून हा कागद पुढे ओढला, कारण उद्या वेळ मिळणार नाही. उद्या दुपारी अडीचच्या गाडीने मला नाशिकला जायचं आहे आणि मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

मी, नवल कौतिक पाटील, वय वर्षे २८, धंदा शेती, शिक्षण अकरावी (पूर्ण नाही), राहणार धारदरे, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती धडधडते, पण ती लहानपणीच्या तापापासून धडधडते, तिचा या लिहिण्याशी संबंध नाही. कोणी मला भाग पाडलेलं नाही. उलट आई सकाळपासून दोनदा येऊन गेली. "काय लिखी ऱ्हायना रे? डॉक्टरनी सांगं ना, शंभरमा पंच्याण्णव बरा व्हतस." मी उरलेल्या पाचांचा विचार करून लिहितो आहे.

कलम १. शेत. माझ्या नावावर अडीच एकर जमीन आहे. ती माझी आई लताबाई हिने तिच्या हयातीत खावी आणि तिच्यानंतर बहीण मोहिनी हिला जावी. दीड एकरात केळी आहे, एकरभर कापूस. कापसाचा तुकडा उत्तरेला डोंगराच्या जंगलाला लागतो. त्या बांधापासून वीस फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा, त्यात काही पेरू नये, आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, त्या तुकड्यात कधीही जाळू नयेत. यंत्र मिळालं नाही तर मजूर लावून उपटाव्यात. मजुरी परवडली नाही तर तशाच उभ्या राहू द्याव्यात. हे कलम मोहिनीने मुलांना वाचून दाखवावं. कारण कलम ६ मध्ये लिहिलं आहे.

कलम २. घर आईचं. चुलीवरचा तिसरा पत्रा गळतो, तो पावसाआधी बदलावा. बँकेतले पैसेही आईचेच, त्यातून मोहिनीने साडी वगैरे मागू नये. मी तिच्या लग्नात काय दिलं ते मला आठवतं आणि तिलाही आठवत असेल.

कलम ३. फवारणीचा पंप कुंदनला द्यावा. कुंदन माझा दोस्त. मागच्या वर्षी त्याने तो चार दिवसांसाठी नेला, दोन महिन्यांनी परत आणला आणि नळी तुंबलेली होती. मी बोललो तर म्हणाला, "तू वही लिखी लिखीच मरशी एक दिन." त्यावर मी त्याच्याशी सतरा दिवस बोललो नाही. तो राग मी इथे सोडतो. नळी मी साफ केली आहे.

कलम ४. वही आणि काठी. या दोन्ही वस्तू माझ्या नाहीत, गावाच्या आहेत, पण माझ्याकडे असल्याने लिहिणं भाग आहे.

माहीत नसलेल्यासाठी सांगतो. बारा वर्षांपूर्वी आमचा डोंगर बोडका होता आणि झिरा आटला होता. झिरा म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या कुशीत खडकातून पाझरणारं पाणी. तेव्हा अभिमन आबा आणि रुपचंद नाना या दोघांनी गाव बसवून ठरवलं की कुऱ्हाड बंद, मोकळी चराई बंद, आणि डोंगर आपणच राखायचा. अडतीस घरं कबूल झाली. तिवसाच्या लाकडाची एक काठी केली. ज्याच्या दारी संध्याकाळी काठी टेकलेली असेल, त्या घरातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी ती घेऊन डोंगराची पायवाट फिरायची, संध्याकाळी काठी शेजारच्या दारी ठेवायची. पुरुष नसेल तर बाईने जायचं. नवं लग्न झालेल्या घरी काठी आली की लोक म्हणत, सुनेला गावाने ओळखलं. हळूहळू अंजनाची झाडं पुरुषभर झाली, झिऱ्याला पाणी आलं. गुरांना उन्हाळ्यात अंजनाचा पाला मिळू लागला, तोही वाटून.

मी सात वर्षं रोज संध्याकाळी वहीत सही घेतो. कोण गेलं, किती वाजता परत आलं, काय दिसलं. एकही दिवस कोरा नाही. यापुढे वही रुपचंद नानांची नात मयुरी हिने लिहावी. तिचं अक्षर चांगलं आहे. तिने एकच गोष्ट माझ्यासारखी करू नये, ती कलम ६ मध्ये.

कलम ५. शाल. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत मला शाल आणि नारळ दिला गेला. नारळ फोडला गेला. शाल पेटीत, पिशवीतून न काढलेली आहे. ती मी कधी अंगावर घेतली नाही. मी गेलो तर माझ्या अंगावरही घालू नये. ग्रामसभेला परत करावी.

कलम ६. हे कलम मी तीन वेळा कच्चं लिहून फाडलं आहे.

सोमवार, दिनांक २७ फेब्रुवारी २०२३. काठी अभिमन आबांच्या घरची होती. आबा सकाळी वर गेले. त्या दिवशी मी डोंगरालगतच्या तुकड्यात पऱ्हाट्या जाळल्या. डोंगराच्या कडेला फाल्गुनात आग लावायची नाही हा नियम वहीच्या पहिल्या पानावर आहे आणि तो माझ्याच अक्षरात आहे. यंत्रवाला आठ दिवस आला नव्हता आणि उपटायला वाकलं की माझा श्वास संपत होता. मी लहान ढीग केले, पाण्याची बादली ठेवली, प्रत्येक ढीग राख होईपर्यंत बसलो. एक वाजता गोळी घ्यायला घरी आलो. गोळीची वेळ मी चुकवत नाही.

तीनच्या सुमारास वारा सुटला. मी परत गेलो तेव्हा बांधापलीकडचं गवत पेटलं होतं. पहिली हाक मीच मारली. सगळं गाव धावलं, ओल्या फांद्यांनी झोडपत रात्री नऊला आग विझवली. माझ्या हाकेमुळे अर्धा डोंगर वाचला असं लोक म्हणाले. शाल त्याची. दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझा तुकडा नांगरून घेतला, राख मातीखाली गेली.

जळलेली लहान अंजनं मी मोजली. एक हजार एकशे चाळीस. बहुतेक आबांनी बी टोकून लावलेली.

सभा ५ मार्चला झाली. आग कशी लागली ते कोणाला कळलं नाही, पण पाळी आबांची होती आणि त्यांनी धूर पाहिला नव्हता. आबा म्हणाले, "मी खाले उतरनू नही. मी झिराकडे वाट साफ करी ऱ्हायंतू, काटा वाढेल व्हता. तठून आथानं काहीच दिसत नही."

मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, डोळा लागी गया व्हता का?" लोक हसले.

आबा पुढे म्हणाले, "मना विळा तठेच राही गया धावपळमा. जाईसन देखा." कोणी गेलं नाही, तिकडच्या वाटेवर जळकी खोडं अजून धुमसत होती. रुपचंद नाना, ज्यांनी आबांबरोबर हे सगळं उभं केलं, ते म्हणाले, "नियम बठ्ठासले सारखा." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. पाळीत हयगय, दंड एकवीसशे, आणि घर पाळीतून बाद. मी वहीत लिहिलं. आगीचं कारण या रकान्यात लिहिलं, "माहीत नाही." माझ्या सात वर्षांच्या वहीत खोटे शब्द एवढे दोनच आहेत.

आबांनी शेळी विकून दंड भरला.

नऊ दिवसांनी मी एकटा झिऱ्याकडे गेलो. वाट दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापलेली होती, काटे एका बाजूला रचलेले, आणि खडकावर आबांचा विळा. तो गावात आणला असता तर आबा सुटले असते. पण मग विचारलं गेलं असतं, आग आली कुठून? मी विळा शर्टाखाली घालून घरी आणला. तो माझ्या पेटीत शालीच्या खाली आहे.

त्यानंतर दर सदतीस दिवसांनी काठी आबांच्या डावीकडच्या घरून उजवीकडच्या योगराजच्या घरी गेली. मधलं दार चुकवून. ते चुकवताना वही घेऊन मी बरोबर असायचो. यशोदाबाई, म्हणजे आबांच्या पत्नी, दारापुढचा ओटा त्या संध्याकाळीही झाडून ठेवायच्या.

१७ नोव्हेंबर २०२४ ला आबा ओट्यावर बसले होते. फार वाळले होते. म्हणाले, "नवल, एक रात काठी मना दारले ठेव ना भाऊ. मी वर जास नही. नुसती टेकाडी ठेव."

मी म्हणालो, "नियमात बसत नाही, आबा."

ते म्हणाले, "बरं बरं. तू लिखेल शे ते बरोबरच ऱ्हाई."

अकरा दिवसांनी ते गेले. तिरडी बांधताना त्यांचा मुलगा समाधान याने मला हाक मारली, कारण माझ्या गाठी पक्क्या असतात.

म्हणून लिहून ठेवतो. आग माझ्या शेतातून लागली. आबा झिऱ्याजवळच होते. वहीतला ५ मार्च २०२३ चा निर्णय चुकीचा आहे आणि त्याचा दोष माझा आहे. विळा यशोदाबाईंना परत द्यावा. तो माझा नसल्याने हे दान नाही, परत करणं आहे. त्यांचं घर पाळीत परत घ्यावं.

कलम ७. चोपड्याच्या दस्तलेखकाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "मृत्युपत्र माणूस गेल्यावरच चालतं. तोवर घडी करून ठेवायचं." पंधरा दिवस मला हे सोयीचं वाटत होतं. आता वाटतं, मी पंच्याण्णवांत निघालो तर? हा कागद पेटीत राहील, विळ्याशेजारी, आणि मी बरा होऊन रोज संध्याकाळी वही घेऊन फिरेन. म्हणून कलम ५ आणि ६ आजपासून लागू आहेत, मी मेलो नाही तरी. काठी आज संध्याकाळी पुन्हा आबांचं दार चुकवणार आहे. त्याआधी मी हा कागद त्यांच्या ओट्यावर वाचेन. साक्षीला रुपचंद नाना आणि समाधान यांना बोलावलं आहे. दोघांना यातून काही मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या सह्या चालतात. त्या द्यायच्या की नाही हे त्यांनी ऐकून ठरवावं.

पुरवणी. रविवार, ९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

काल वाचलं. कलम ६ ला थांबलो, पाणी प्यालो, परत पहिल्या ओळीपासून वाचलं. आई खाली बसली. नानांनी टोपी काढून हातात घेतली, म्हणाले, "सभामा मीच बोलनू व्हतू." एवढंच. समाधान उठून गोठ्याकडे गेला. मी त्याच्यापुढे कागद धरला होता, तो तसाच राहिला.

यशोदाबाईंनी विळा घेतला, अंगठ्याने धार पाहिली. "गंज चढी गया," म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मग विचारलं, "आज काठी कोना दारले शे?"

मी सांगितलं, "योगराजकडे जायची आहे."

"मंग लई ये आठे."

नाना स्वतः गेले आणि काठी आणून दाराला टेकवली. नियमासाठी सभा भरवावी लागेल असं मी म्हणणार होतो, म्हणालो नाही.

आज पहाटे यशोदाबाई एकट्या वर गेल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात विळा. समाधान बरोबर निघाला तर त्याला त्यांनी परत पाठवलं. साडेदहाला उतरल्या, पदराला काटे. मी वही पुढे केली. त्यांनी सही केली, अक्षर जुळवत. शेवटचा रकाना, काय दिसलं, तो मी विचारला.

"लिख," म्हणाल्या, "झिराकडनी वाट बठ्ठी बुजी गयी. दोन वरीस कोणी गयं नही तठे."

मी लिहिलं. आजवर त्या रकान्यात मी रोज "वाट ठीक" असं लिहीत आलो, लोक सांगत तसं. विळा आणल्यापासून तिकडे मीही गेलो नव्हतो. धजत नव्हतो.

नंतर समाधान आला, उभ्यानेच सही केली आणि पेन परत दिलं. म्हणाला, "जाई ये. मंग बोलूत."

हिशेब, आजच्या तारखेला:
आबांचा दंड, मी यशोदाबाईंच्या हातात दिला: रु. २१००. त्यांनी मोजला नाही, कोनाड्यात ठेवला.
ग्रामसभेला माझा दंड: रु. २१००. नानांकडे भरला, पावती वहीत. शालही त्यांच्याकडेच दिली.
लहान अंजनं: ११४०. बी आईकडे डब्यात, पावसाळ्यात टोकावं.
आबांच्या घराच्या चुकलेल्या पाळ्या: १९. या मला भरता येत नाहीत.
झिऱ्याची वाट: यशोदाबाईंनी सकाळी साधारण चाळीस पावलं कापली. उरलेली माझ्याकडे.

लिहून देणार: नवल कौतिक पाटील (सही)
साक्षीदार १: रुपचंद नाना महाजन (सही)
साक्षीदार २: समाधान अभिमन सोनवणे (सही)
ठिकाण: धारदरे, यशोदाबाईंचा ओटा
दिनांक: ९ मार्च २०२५