पाळणा रिकामा नेऊ नये

मी, या आळीतील शाळेत भाषा शिकवणारा शिक्षक, वय वर्षे चोपन्न, विधुर व निरपत्य (हा शब्द वकिलांचा, मला तो मान्य नाही), आज सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि माझ्या मानाने बऱ्यापैकी सद्बुद्धीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर निदान सोबत म्हणून मी त्याचे स्वागत केले असते. येत्या आठवड्यात माझे हृदय उघडून पाहण्याचा शल्यचिकित्सकांचा मानस आहे. ते पुन्हा बंद होईलच याची शाश्वती नसल्याने हा लेखनप्रपंच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलेले आढळल्यास ते रद्द समजावे आणि मलाही कळवावे.

कलम १. वास्तू. घराचा तळमजला माझ्या दिवंगत बंधूंच्या चिरंजीवास, म्हणजे समुद्रापलीकडे पूल बांधणाऱ्या माझ्या पुतण्यास, द्यावा. अट एकच: घरात कोणीतरी राहावे. आळीतील निम्म्या घरांचा उपभोग सध्या कुलपे घेत आहेत, आणि त्यांना वारस म्हणून मी ओळखत नाही. पुतण्याने कुलूप लावल्यास तळमजलाही वरच्या मजल्याच्या वाटेने जावा. वरचा मजला तेथे भाड्याने राहणारी परिचारिका व तिचा नवरा यांना कायमचा द्यावा. ही मंडळी राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आली. त्यांची भाषा मला चार वर्षांत येऊ शकली नाही. माझी भाषा त्यांना चार महिन्यांत आली. मी शिक्षक आहे, याची नोंद येथे मुद्दाम करीत नाही.

कलम २. हत्यारे. माझे वडील सुतार होते. त्यांचे रंधे, पटाश्या, करवती परिचारिकेच्या नवऱ्यास द्याव्यात. तो फरश्या बसवतो. एकदा रंधा मागून नेला आणि धार लावून परत आणला. माझ्या रक्ताच्या नातलगांपैकी कोणी वस्तू परत आणल्याचेही स्मरत नाही; धार दूरच.

कलम ३. भिंत. शेजारी राहणारे आळीच्या मंडळाचे अध्यक्ष व मी यांच्यात सामाईक भिंतीवरून दीर्घकाळ वाद चालू आहे. माझ्या पश्चात तो एकट्याने चालवण्याचा संपूर्ण अधिकार मी त्यांना बहाल करतो. त्यांनी जिंकू नये अशी माझी इच्छा आहे, कारण जिंकल्यावर ते दुपारी काय करतील?

कलम ४. बँकेत जे आहे ते शाळेला. आपल्या या विशाल, बहुभाषी राज्याची प्रजा प्रतिवर्षी एखाद्या नव्या नगराइतकी वाढते, असे वर्तमानपत्रे सांगतात. आमच्या जुन्या घरांनी या राष्ट्रकार्यात गेल्या वीस-बावीस वर्षांत काडीचेही योगदान दिलेले नाही. शाळा बंद पडली नाही ती नव्याने आलेल्यांच्या लेकरांमुळे. माझ्या वर्गात पाच-सहा मातृभाषा नांदतात, आणि भांडताना सगळी एकाच, माझ्या, भाषेत भांडतात. याहून मोठा पुरस्कार मला मिळालेला नाही.

कलम ५. पाळणा. येथे मला विस्तार करावा लागेल. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

हा पाळणा वडिलांनी केला. मी त्यात वाढलो, आणि नंतर तो आळीचा झाला. प्रत्येक घराच्या माजघरात तुळईला एक लोखंडी कडी असे, आणि पाळणा या कडीवरून त्या कडीवर फिरे. त्याचे नियम दोन. पहिला: पाळणा मागायचा नाही. ज्या घरी तो असेल त्यांनी शेजारच्या सुनेकडे पाहून ओळखायचे आणि आपण होऊन पोचवायचा. दुसरा: पाळणा रिकामा न्यायचा नाही. त्यात शेवटी निजलेल्या मुलानेच बसून पुढच्या घरी जायचे. तिथल्या आईने त्याला हात देऊन उतरवायचे. शेंबडी, दात पडलेली, लाजून लाल झालेली पोरे राजासारखी आळीतून मिरवत गेलेली मी पाहिली आहेत.

माझा पुतण्या त्यात बसून आमच्या माजघरात आला आणि माझ्या मुलीसाठी उतरला. ती आठ महिन्यांची असताना तापाने गेली.

त्यानंतर पाळणा आमच्याकडून हलला नाही. हलणार कसा? न्यायला मूल नव्हते. आळीने मागितला नाही, कारण मागायचा नसतो. आम्ही दिला नाही, कारण रिकामा न्यायचा नसतो. सगळे इतके सभ्य होते की कोणी काही बोललेच नाही. अध्यक्षांच्या सुनेला त्याच वर्षी दिवस गेले होते. त्यांनी दुकानातून पाळणा आणला, आणि पुढे मुलगा-सून त्या पाळण्यासकट दूर गेले. अध्यक्ष नातवंडे फोनच्या काचेत पाहतात. मग एकेका घरातून लग्ने झाली नाहीत, झाली ती परदेशी झाली, परदेशी झाली ती निपुत्रिक राहिली. एकीने तर दोन कुत्री पाळून त्यांचे वाढदिवस कळवले. लोक म्हणू लागले की पाळणा अडला म्हणून आळी अडली. मी सुशिक्षित आहे. कार्य आणि कारण यांतला भेद मी फळ्यावर लिहून शिकवतो.

पण माझी पत्नी दुपारची रिकामा पाळणा हलवीत बसे. हलवू नये म्हणतात. मी तिला कधी अडवले नाही. ती गेल्यावर मी पाळणा काढून माळ्यावर ठेवला. तरीही दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत मी घरी आलो की, तुळईची कडी करकरते. मी वंगण घालून पाहिले. वर जाऊन परिचारिकेला विचारले, तर ती म्हणाली, "आम्ही दोघं कामावर असतो दुपारी, मास्तर. मुलगी शाळेत, तुमच्याच वर्गात." अलीकडे समोरच्या बंद घरातूनही करकर येते, आणि त्याच्या शेजारच्याही. सगळ्या माजघरांतून, एका लयीत. जी मुले आलीच नाहीत त्यांना कोणीतरी निजवत असावे.

आता परिचारिकेला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. ती एके दिवशी खाली आली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, माळ्यावरचा पाळणा द्या ना."

या आळीत हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले. मी नियम सांगितले. ज्या मुलीने त्यात बसायचे ती कुठे आहे, हेही सांगितले. वाटले, आता ही घाबरेल. ती म्हणाली, "मग तिच्या आधीचं कोण?"

तदभावी तत्पूर्वीचे! असा विचार आम्हा सभ्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. मी पुतण्याला फोन केला. तो हसला. "काका, मी पंच्याऐंशी किलोचा आहे. व्हिडिओ कॉलवर बसू का?" त्याच्या आधीचे राजधानीत, त्याच्या आधीची कुत्र्यांपाशी, त्याआधीचे दोघे निवर्तले. असे मागे मागे जाता पाळण्यात निजलेले आणि आळीत हजर असलेले मूल एकच उरते. ते हे मृत्युपत्र लिहीत आहे.

सबब, माझ्या मृत्यूनंतर पाळणा परिचारिकेकडे न्यावा आणि नेताना माझे प्रतीक म्हणून माझा चष्मा त्यात ठेवावा.

अध्यक्षांची हरकत मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ते म्हणाले, "पाळणा म्हणजे आळीचा वारसा आहे, मास्तर. मंडळाच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवू. बाहेरच्यांना कसला देता?"

"बाहेरचे कुठे, अध्यक्षमहाराज? वरचे आहेत."

"चेष्टा पुरे. आपली माणसं परत आली तर त्यांना काय दाखवाल?"

"आली तर त्यात निजलेलं मूल दाखवू."

ते उठून गेले. चहा मात्र संपवून गेले.

पुरवणी. वरील मसुदा त्याच दिवशी परिचारिकेस वाचावयास दिला. त्यावर पुढील संभाषण घडले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे.

"हे तुम्ही गेल्यावर? माझे दिवस पुढच्या महिन्यात भरतायत."

"मी प्रयत्न करीन," मी म्हणालो.

"आणि डॉक्टरांनी वाचवलं तर? माझ्या बाळानं काय तुमची वाट बघत जमिनीवर निजायचं? आणि चष्मा कुठे निजतो हो पाळण्यात? तुम्हीच बसा."

मृत्युपत्र करणारा जगल्यास काय, याचा विचार मी केलेलाच नव्हता.

दुपारी तिचा नवरा आपल्या तीन जोडीदारांना घेऊन आला. दगडी लाद्या जिन्याने चढवणे हेच त्यांचे काम. पाळणा उतरवला, पुसला. मी आत बसलो. गुडघे हनुवटीला लागले. प्रतिष्ठेविषयी येथे काही लिहीत नाही. चौघांनी चार कोपरे उचलले. जिन्याच्या वळणावर तिचा नवरा थांबला. ज्याचा जन्म ओझी जोखण्यात गेला, असा माणूस. कपाळावर घाम.

"मास्तर, हे वजन एका माणसाचं नाही."

एक कोपरा कलला. तेव्हा खालून कोणीतरी पुढे येऊन त्याला खांदा दिला. अध्यक्ष होते. हरकत घ्यायला आले असावेत. त्यांनी पाळण्यात पाहिले. मी पाहिले नाही. ते हलक्या आवाजात म्हणाले, "सावकाश रे. दोघं आहेत."

वर पोचल्यावर परिचारिकेने एक हात देऊन मला उतरवले. दुसरा हात तिने पाळण्यात, खूप खाली धरला, आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला.

सबब कलम ५ अमलात आल्याने रद्द. बाकी मजकूर कायम.

स्वाक्षरी: भाषाशिक्षक
साक्षीदार १: शाळेच्या शिपाईबाई (वाचून, डोळे पुसून)
साक्षीदार २: मंडळाचे अध्यक्ष (भिंतीविषयीचा हक्क अबाधित ठेवून)
परिचारिका व तिचा नवरा लाभार्थी असल्याने साक्षीदार नाहीत.
स्थळ: वरचा मजला. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार.