रिव्हाइव्ह म्हणजे काय?

सोमवार, ३ मार्च

इंग्रजीच्या वर्गात आज चिठ्ठ्या. एकेकाने एकेक शब्द उचलायचा, आठवडाभर त्याची वाक्यं करायची. वाचनालयाच्या वरची ती खोली आधीच कोंदट, त्यात हाताला घाम. माझा शब्द — रिव्हाइव्ह. शेजारी बसणाऱ्या बंबवाल्यांनाही तोच! (अग्निशमन दलात बंब चालवायचे, आता निवृत्त. हजेरीपुरतंच काय ते खरं नाव, एरवी बंबवालेच.)

बाई म्हणाल्या, "चिठ्ठी चुकून दोनदा लिहिली वाटतं. करा मग जोडीनं."

अर्थ — पुन्हा जिवंत करणं. शुद्धीवर आणणं. बंद पडलेलं पुन्हा सुरू करणं.

मी लिहून घेतलं. मला काही हा शब्द नवा नाही. नकोसा आहे.

बुधवार, ५ मार्च

माझं वाक्य — आय रिव्हाइव्ह्ड ॲन ओल्ड कोट. बरोबर निघालं! खरंच केलाय की. मी शिवते त्या दुकानात एका आजोबांचा कोट आला होता, अस्तर पार विरलेलं. नवं घातलं, काजं पक्की केली. आजोबा आरशासमोरून हलेनात.

बंबवाल्यांचं — आय रिव्हाइव्ह्ड द टी.

बाई म्हणाल्या, "अहो, चहा रिव्हाइव्ह होत नाही, गरम होतो!"

"गारढोण झाला होता बाई. मेल्यातच जमा!"

अख्खा वर्ग हसून लोटपोट. माझ्या तर डोळ्यांतून पाणी.

शुक्रवार, ७ मार्च

आज नकारार्थी वाक्यं. बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं — वी कुडन्ट रिव्हाइव्ह हिम.

उठले. जिन्यात जाऊन बसले.

हेच वाक्य. शब्दाला शब्द. आठ वर्षांपूर्वी डॉक्टर बाहेर आले आणि ह्यांच्याबद्दल हेच म्हणाले. मला फक्त 'हिम' कळलं — म्हणजे आमचे हे. डॉक्टरांचा आवाज मऊ होता, म्हणून वाटलं, आले शुद्धीवर. थँक यू म्हटलं. दोनदा! पिशवीतून ह्यांचा चष्मा काढून पुसायलाही घेतला, जागे झाले की लागेल म्हणून. मग मुलाच्या तोंडाकडे बघितलं.

बंबवाले मागोमाग आले. एक पायरी सोडून बसले. का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. पोटच्या पोरालाही कधी सांगितलं नव्हतं ते. म्हटलं, मला बाहेर बसवलं, दार लावलं आणि शेवटी एक वाक्य. आत कुणी हात तरी लावला असेल का त्यांना, देव जाणे!

ते म्हणाले, "कुडन्ट म्हणाले ना? डिडन्ट नाही. डिडन्ट म्हणजे केलं नाही. कुडन्ट म्हणजे केलं, पण जमलं नाही."

आणि सांगत गेले. धुरातून बाहेर काढलेल्या माणसाची छाती कशी दाबत राहायची. अंगाचं पाणी पाणी होतं. एक थकला की दुसरा. "आता पुरे म्हटलं तरी हात थांबत नाहीत हो. घरच्यांना सांगायला बाहेर यायचो ना, तेव्हा हात नुसते भरून आलेले असायचे."

आणि मला एकदम दिसलं — डॉक्टरांचा शर्ट. सांगून झाल्यावर वळले तेव्हा पाठ चिंब होती. कॉलर एका बाजूला कललेली. मी शिवणारी बाई, कपडे आधी दिसतात मला! इतकी वर्षं तो शर्ट डोळ्यांपुढे यायचा. अर्थ आज लागला.

शनिवार, ८ मार्च

गाढ झोपले. दुकानात मशीन चालवताना गुणगुणत होते म्हणे. मालकीणबाई विचारतात, "आज काय विशेष?" कुठे काय!

रविवार, १६ मार्च

मुलाला सांगितलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "आई, मला वाटलं तुला कळलंय. तू थँक यू म्हणालीस, आणि मला वाटलं, आपली आई केवढी धीराची!"

धीराची कसली, अडाणी! आधी दोघंही रडलो, मग त्या थँक यूवर इतके हसलो की सून धावत बाहेर आली. तिलाही सांगितलं, तीही रडली. तोवर भात करपला. जेवण बाहेरून मागवलं.

मंगळवार, २५ मार्च

बंबवाले दुकानात आले, शर्टाचं बटण तुटलं म्हणून. बायको जाऊन बारा वर्षं झाली, अजून बटण लावता येत नाही. इतकी आग विझवली या माणसाने, आणि सुईत दोरा जात नाही! बसवून शिकवलं. नीट लावलं त्यांनी.

शनिवार, २९ मार्च

पुन्हा आले. पुन्हा बटण. हे तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. मला काय कळत नाही?

लावून दिलं.

रविवार, ६ एप्रिल

काल बंबवाल्यांनी लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. आज सकाळी घरात सांगितलं. सून माझ्या गळ्यात पडली. मुलगा खिडकीशी जाऊन उभा, पाठमोरा.

मग वळून म्हणाला, "आई, त्यांना हाक काय मारू?"