चौदा सुया आणि एक तंदुरुस्त कुत्रा

२६ नोव्हेंबर १९९४
विनोदिनीला कुत्रा चावला! आणि बया म्हणते, "चावला नाही गं, नुसता दात लागला."

आज भैरवाष्टमी. भैरवाचं वाहन म्हणून अख्खं गाव कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतंय, जिलब्या चारतंय. चौकातल्या हलवायासमोर विनूनं एका भुऱ्या कुत्र्याच्या तोंडात हातानं जिलबी कोंबली. अंगठ्याच्या मुळाशी दोन भोकं. रक्त.

मी पोचले तर तिचे यजमान मधुकरराव जखमेवर वाटलेली मिरची लावायच्या बेतात! बँकेत मॅनेजर होते म्हणे. वाटी मोरीत पालथी केली आणि विनूचा हात साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरला — घड्याळ लावून. कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस आमची नखं तपासायच्या तशी उभी राहिले. विनू ओरडतेय, "सुलू, तू टेलिफोनातून रिटायर झालीस की फौजेतून?"

२७ नोव्हेंबर
सरकारी दवाखाना. रोज एक अशी चौदा इंजेक्शनं, तीही पोटात! विनूचं तोंड बघण्यासारखं झालं.

डॉक्टरीण कोवळी आहे, पण मुद्द्याचं बोलते. विनूनं हुज्जत घातलीच — "कुत्रा एकदम चंगा होता. शेपूट हलवत होता, पाणी प्यायला." ती म्हणाली, "आंटी, बीमारी दिखने के कई दिन पहले से लार में ज़हर आ जाता है. पूँछ तब भी हिलती है." दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची. तो धडधाकट राहिला तर सुया थांबवता येतील.

संध्याकाळी मधुकररावांनी कुत्रा शोधून आणला. भुरा, गळ्यात माळ. फाटकाला बांधलाय. दूध-पोळी सुरू. जावई आल्यासारखी बडदास्त!

३० नोव्हेंबर
विनूची चौथी सुई. रिक्षात जाता-येता मला शिव्या. म्हणजे प्रकृती उत्तम.

२ डिसेंबर
भाजीला गेले तर वाटेत तीन भुरे कुत्रे. तिघांच्या गळ्यात सुकलेल्या माळा! पिशवी तशीच घेऊन विनूकडे.

"मधुकरराव, फाटकावरचा हाच तो, हे कशावरून?"

"माळ होती ना, सुलूताई."

"त्या दिवशी गावात माळ नसलेला एक कुत्रा दाखवा मला!"

ते पेपरात शिरले. विनू उसळली — हाच तो, मी स्वतः बघितलाय. मी विचारलं, तेव्हा चष्मा होता डोळ्यांवर? तर म्हणे, पाक लागेल म्हणून पर्समध्ये ठेवला होता!

दोन महिन्यांपूर्वी सुरतेत प्लेग म्हटल्यावर हीच जोडी घरात नाकाला रुमाल बांधून केबल टीव्ही बघत होती. इथे प्रत्यक्ष दात लागले, तर ओळख पटवायची झेंडूवरून. धन्य!

६ डिसेंबर
दहा दिवस झाले. फाटकावरचा कुत्रा चांगला गुबगुबीत झालाय. मधुकररावांनी दोरी सोडली, पेढे वाटले. विनू म्हणाली, "बस. आता एकही सुई नाही. पोटाची चाळण झालीये."

मी म्हटलं, डॉक्टरणीला खरं सांग की कुत्र्याची खात्री नाही. ती चौदाच घ्यायला लावेल.

"तुला फक्त जिंकायचं असतं, सुलू. चाळीस वर्षं बघतेय."

"मर मग!"

म्हटलं खरं. उरलेला पेढा बशीत ठेवून घरी आले.

८ डिसेंबर
ती आली नाही. मीही गेले नाही. समोर तिच्या खिडकीला पडदा ओढलेला. माझा चहा दोन दिवस एकटीचा, म्हणून बेचव.

९ डिसेंबर
हलवायानं हाक मारली. "मौसी, आपकी सहेली को जिसने काटा था ना, वो भूरा तो पिछले गुरुवार को मर गया."

तोच कशावरून, विचारलं. म्हणाला, रोज माझ्याच भट्टीपाशी झोपायचा, मी ओळखणार नाही? "न भौंका, न किसी पे झपटा. जबड़ा लटक गया, पाँव गए, बस." चावल्यापासून पाचव्या दिवशी! म्हणजे पिसाळलेलाच; काही असे मुक्यानंच जातात. दोनच दिवस आधीपर्यंत शेव खात होता म्हणे.

तशीच विनूकडे. कुलूप! शेजारीण म्हणाली, दोघं दुपारी इंदूरला लग्नाला गेलीत, उद्या सकाळच्या बसनं येतील. आजची धरून तीन सुया बुडाल्या. आणि मी तिला काय म्हणाले होते — मर!

१० डिसेंबर
दवाखाना उघडल्या उघडल्या जायचं होतं, रिक्षा मिळेना. पोचून कंपाउंडरला विचारलं, तीन सुया चुकल्या तर पुढे काय करायचं? त्यानं रजिस्टर उघडलं. "कहाँ चूकीं? रोज आई हैं. अभी बस से उतरके चौदहवीं भी लगवा गईं. बोलके गईं, साथवाली आंटी को मत बताना, सिर पे चढ़ जाएगी."

संध्याकाळी विनू आली. पोट सांभाळत, हळूच खुर्चीत टेकली. "बघ! चार सुया वाचवल्या मी. झालं काही मला?"

मी म्हटलं, "नाही बाई. हरले मी."