रियाच्या पाळण्यातला वरवंटा

माय, सगळ्यात आधी आली ती तुह्यी धाकटी बहीण. बारसं दुपारचं, अन् ही बया सकाळी आठलेच दारात हजर. नातवाच्या मोटारीत वरवट बकालहून अंधारातच निघाली होती म्हणे. आमच्या दुसरबीडच्या ज्या बायकाईचं घर दोन हाकेवर आहे, त्या बारा वाजता डुलत डुलत आल्या, अन् पंच्याऐंशी वर्षांची मावशी अख्खा जिल्हा ओलांडून पहिली. मी ओसरीत पाळण्याच्या दांडीले फुगे बांधून राह्यली होती. तिनं मोटारीतून एक पाय खाली ठेवला अन् मले हाक मारली. लग्नाच्या आधीच्या नावानं. ते नाव इथं लिहीत नाही, तुले माहीतच आहे. माह्या पोरानं घरातून डोकं काढलं, म्हणे, "आई, आजी कोणाले बोलावून राह्यली?" मी म्हटलं, "मलेच." तो म्हणे, "तुह्यं नाव हे होतं?" अन् हसला. मावशी आमच्या घरी पहिल्यांदाच आली होती. बत्तीस वर्षांचं माह्यं पोरगं, त्याले आईचं नाव त्या दिवशी समजलं. फुगा हातातच राह्यला. नातीचं बारसं, मी चार दिवसांपासून जमिनीवर पाय ठेवत नव्हती एवढी खूश, अन् तरी जो राग वर आला, तो आजपर्यंत खाली बसला नाही. तो तुह्यावर आहे, माय. तू जाऊन तीस वर्षं झाले, पण आहे.

लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्याच्यात माह्यं नवं नाव लिहिलं, ते मी समजू शकते. साऱ्याईचंच होत होतं. माह्यं नाव सासूचंच निघालं, तं सासूच्या नावानं सुनेले हाक कोण मारीन? नणंदेनं नवं नाव सुचवलं, ह्याईनं लिहिलं, पेढे वाटले. मी चौथी शिकलेली, ते तांदळातले अक्षरं उलटे दिसत होते, म्हणून मले वाचताही आले नाही. तू बाजूले दिवा धरून उभी होती. तेही सोडलं. पण पंचमीले मी पहिल्यांदा माहेरी आली, ते कसं सोडू? मी चुलीपुढं बसली आहे, भाकर थापून राह्यली आहे, पिठाचे हात कोपरापर्यंत. तू मागून हाक मारते, त्या नव्या नावानं. मी वळत नाही. मले वाटते शेजारी कोणी नवी सून आली असंल. तू दुसऱ्यांदा हाक मारते, अन् मग येऊन उलथन्याचा दांडा माह्या मनगटावर मारते. "कान फुटले काय वं? सासरी ओ दिली नाही तं माह्या वळणाले बोलतील." मी म्हणते, "पण माय, इथं काऊन?" तू म्हणते, "इथंच सवय होईल." भाकर करपली होती. तीही तू मलेच वाढली.

त्यांनी बदललं ते त्यांचं घर होतं. तू आपल्या घरात, आपल्या चुलीपुढं, आपल्या तोंडानं बदललं. बाबा, भाऊ, गल्लीतल्या बायका, साऱ्याईले तू सांगून ठेवलं का आता हिले असंच म्हणायचं. एकटी मावशीच ऐकली नाही तुह्यं. ती तं तुह्यं कधीच ऐकत नव्हती.

आता बारशाचं ऐक. सुनबाई खामगावची, कॉलेजात विज्ञान शिकली, अन् तिचं नाव आम्ही बदललं नाही. खोटं काऊन बोलू, बदलायचं होतं. तिनं तोंडावर नाही म्हटलं, अन् मी दोन दिवस तिच्यासंगं धड बोलली नाही. असो. तं तिनं पोरीसाठी नाव काढलं रिया. बायका जमल्या, अन् माह्यी नणंद, तीच ती, काठी टेकत मधात येऊन बसली अन् म्हणे, "रिया म्हणजे काय वं? महाराजानं तं म अक्षर काढलं." सुनबाईनं मोबाईल काढला अन् शांतपणे सांगाले बसली का आत्याबाई, हे एका जुन्या देवीचं नाव आहे, दूर देशातली देवी, साऱ्या देवांची माय. त्याच नावाचा एक पक्षी आहे, आपल्या मोराहून दुप्पट उंच, उडत नाही, नुसता पळते, अन् त्याच्यात अंडे बाप उबवते. ह्यावर बायका माह्या पोराकडं पाहून अशा हसल्या का तो चहाचे कप घेऊन आत पळाला. त्याच नावाचं एक झाड आहे, त्याच्या सालीतून धागा निघते, आपल्या अंबाडीसारखा. धागा ओला झाला का उलट जास्त पक्का होते म्हणे. मले तू आठवली, ओसरीत बसून मांडीवर अंबाडी वळताना. अन् मग सुनबाई म्हणाली, "अन् शनीचा एक चंद्र आहे, त्याचंही नाव रिया."

झालं. एवढा वेळ खीर चाटत बसलेली नणंद ताठ झाली. "शनीचा? पाळण्यात शनी घालता का तुम्ही? साडेसाती घरात बोलावता का?" सुनबाई म्हणे, "शनी नाही आत्याबाई, त्याचा चंद्र." "चंद्र असो नाही तं मावसभाऊ असो, सोयरिक तं त्याच्यासंगंच आहे ना?" दोघी-तिघींनी मान हलवली. कोणी म्हणे मीना ठेवा, कोणी म्हणे माधुरी. सुनबाईचा चेहरा उतरला. तिची आई कोपऱ्यात बसली होती, पोरीची बाजू घेऊन एक शब्द बोलली नाही, खाली मान घालून पदराचा काठ चाचपत बसली. ते पाहून माह्यं मनगट दुखाले लागलं, खरं सांगते.

तेवढ्यात कोणी म्हणालं, नावाचं मागून पाहा, वरवंटा तं फिरवून घ्या. रीतीप्रमाणं पाट्यावरचा वरवंटा धुतला, हळदकुंकू लावलं, त्याले टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला. पाळण्याच्या इकडं एक बाई, तिकडं एक बाई, लेकरू दिल्यासारखा तो दगड खालून द्यायचा, वरून घ्यायचा. शेवटी वरवंटा मावशीच्या मांडीवर आला. सुनबाई त्याच्याकडं पाहत राह्यली अन् म्हणाली, "आई, ह्या देवीची गोष्ट अशीच आहे." मी म्हटलं, "सांग, मोठ्यानं सांग." तं त्या देवीचा नवरा राजा होता. त्याले कोणी सांगितलं होतं का पोटचं लेकरूच तुह्यं राज्य घेईल. म्हणून लेकरू जन्मलं का तो गिळून टाके. पाच गिळले. सहाव्या वेळी त्या मायनं लेकरू डोंगरात लपवलं, अन् एक धोंडा दुपट्यात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तोच गिळला. लेकरू वाचलं.

साऱ्या बायका मावशीच्या मांडीकडं पाहत होत्या. मावशीनं त्या दगडाचं टोपडं सरळ केलं अन् म्हणे, "हे तं आपल्याच घरचं निघालं की वं." मी नणंदेले म्हटलं, "बाई, माह्या वेळेस नाव तुम्ही ठेवलं, मी पन्नास वर्षं त्याले ओ दिली. हिचं हिच्या मायनं ठेवलं आहे. हेच राहीन." आवाज चढला माहा, भरल्या बारशात. नणंद म्हणे, "मी तं आपलं सांगितलं," अन् खीर मागून घेतली. माह्या पोरीनं, म्हणजे लेकराच्या आत्यानं, पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं, बायकाईनं तिच्या पाठीत असे धपाटे घातले का ती ओरडली. रिया झोपेतच होती. एक डोळा उघडला, साऱ्याईकडं पाह्यलं, बंद केला. लय गोड आहे, माय. कपाळ तुह्यं आहे.

तवापासून मी हेच घेऊन बसली आहे. त्या मायनं धोंडा दिला अन् लेकरू ठेवलं. तू लेकरू दिलं. माह्या नावाचं टोपडं तरी तुह्यापाशी ठेवायचं होतं. वर्षातून आठ दिवस, चुलीपुढं, दार लावून एकदा हाक मारायची होती. कोण ऐकाले येत होतं? तुले भीती होती, हे मी सून आणल्यावर समजली, पण समजली म्हणून राग जात नाही. मनगटावर तं काही दिसत नाही आता.

हे लिहून झाल्यावर म्हटलं, घडी घालावी अन् वरती तुह्यं नाव टाकावं. तसं हे कुठं पाठवायचं नाही, डब्यातच राहीन. पण नाव लिहाले गेली अन् पेन थांबला. जे माहीत आहे ते बाबाच्या घरचं. तुह्याही ताटात तांदूळ पसरले असतीन. त्याच्या आधी तुले काय म्हणत होते, माय, मले माहीत नाही. तुह्या मांडीवर, तुह्या चुलीपुढं अठरा वर्षं काढले, कधी इचारलं नाही. मावशी दिवसभर समोर बसली होती, तिले माहीत असंल. जाताना मोटारीची काच खाली करून म्हणाली, "काही राह्यलं का वं?" मी म्हटलं, "काही नाही," अन् खिरीचा डबा दिला. इचाराले लाज वाटली. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी येतो म्हणून गेली आहे.