दोन खात्यांच्या दोघी

प्रिय एल्स्पेथ,

रविवारी फोनवर मी तुला उडवाउडवीची उत्तरं दिली, कारण तुझे बाबा शेजारच्या खोलीतून ऐकत होते. आता सगळं सांगते.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना उचलायला दोन माणसं लागतात. एकटीनं हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. पण त्या दोघींपैकी मॉरीन आरोग्य खात्याची आणि शीना नगरपालिकेची. दोन्ही ऑफिसांनी मिळून काम करायचं, हे कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं. मॉरीन आठला येते. शीनाला तिचं ऑफिस आधी दुसऱ्या घरी पाठवतं, ती उगवते साडेनऊला. तोवर मॉरीन थांबली तर तिची पुढची म्हातारी खोळंबते. मग ती बाबांचं तोंड पुसते, चहा पाजते, हळहळते आणि जाते. नंतर शीना येऊन हळहळते. दोघी गुणाच्या आहेत गं, राग कुणावर काढू? आणि बाबा तसेच ओल्या अंथरुणात. दूध आणायलासुद्धा दाढी करून, टाय लावून जाणारा माणूस! दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते असं.

फोन केला की हे ऑफिस म्हणतं त्यांनी वेळ बदलावी, ते म्हणतं ह्यांनी. शेवटी दोन्हीकडचे साहेब आपल्याकडे बैठकीला आले. माझी बिस्किटं खाल्ली, एकमेकांचं सगळं पटलं म्हणाले आणि निघून गेले. वेळा होत्या तिथेच राहिल्या.

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. मी एकटीच त्यांना उठवायला गेले आणि आम्ही दोघं जमिनीवर आलो. शीना येईपर्यंत तसेच पडून होतो. माझं मनगट प्लास्टरमध्ये आहे, घाबरू नकोस. बाबा तेव्हा हसले. दुसऱ्या दिवशी मॉरीनला म्हणाले, "तुमच्या साहेबांना सांग, मला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात टाका. माझ्या जेसीची हाडं मोडायची नाहीत मला." मी खूप भांडले त्यांच्याशी. ऐकलं नाही.

आज सकाळी त्यांना नेलं. गाडीत बसवायचं होतं, म्हणून आठच्या ठोक्याला दोघी एकदम दारात हजर. दोन्ही ऑफिसांनी फोनाफोनी करून वेळ जुळवली होती म्हणे. किती अलगद उचललं त्यांना! बाबा म्हणाले, "जमतं की पोरींनो तुम्हाला." शीना स्वयंपाकघरात जाऊन रडली.

हे लिहितेय ते एवढ्यासाठी, की येत्या रविवारी तू त्यांना तिकडे फोन करशील. ते म्हणतील, जेवण छान आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. खिडकी गाड्या लावायच्या आवारावर उघडते, मी पाहून आलेय. तू मात्र समुद्राचं विचार, भरती होती का विचार. आणि फोन ठेवेपर्यंत रडू नकोस.

तुझीच,
आई