शुक्र दिसला होता

चोपडे, पेडणे
शनिवार, १० जानेवारी २०२६

शेवंताबाय,

आशीर्वाद. वहिनीने नणंदेला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते, घ्यायचा की फेकायचा ते तुझं तू बघ. तुझ्या भावाचे गुडघे सोडले तर इकडे सगळं बरं आहे. फोनच केला असता, पण माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाच.

आधी ताजी आग सांगते. आपल्या लेकीचं, सुविधाचं लग्न मोडायला निघालंय. पंचवीस तारखेचं ठरलं होतं, पत्रिका तुला मिळाली असेल. मुलगा गौरेश बोटीवर कामाला. दोन फेब्रुवारीला तो बोटीवर चढणार, मग नऊ महिने तोंड दिसायचं नाही. म्हणून शुक्राचा अस्त असूनही भटजींनी काढीव मुहूर्त दिला. त्याच्या आईने मान डोलावली, साखरपुड्याचे पेढे खाल्ले. आणि परवा माझ्याच मेजाशी बसून, बशीतला चहा फुंकत म्हणते काय, "शुक्र बुडालेलो असताना सून घरात घेवची नाय. तुळशीचा लगीन जावंदे, मगे बघू."

बघू! लग्नाच्या माटवाला माणसं सांगून झाली, आणि ही बघणार! गौरेश शेजारी बसून लाद्या मोजत होता. समुद्रात वादळाला तोंड देतो म्हणे हा!

सुविधाच उठली. कुजनातल्या चुलीजवळून एक नारळ आणि एक लिंबू घेऊन आली. मेजावर नारळ ठेवला, त्याच्या मागून लिंबू फिरवलं. "काकी, ह्यो सूर्य आणि ह्यो शुक्र. आता खंय गेलो?"

"खंय जातलो? आसा थंयच."

"तेच सांगतंय. शुक्र बुडाक नाय. सूर्याच्या पाठसून चललो हा, म्हणान आमका दिसना नाय." मग बोटांवर मोजत म्हणाली, शुक्राचं गणित आठ वर्षांचं असतं, पुन्हा त्याच दिवसांत तो सूर्यामागे येतो. दोन हजार अठरात असाच जानेवारीत गेला होता, त्याआधी दहा साली, त्याआधी दोन साली...

मी म्हटलं, पुरे.

पण त्या बाईने ऐकलंच. बशी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "दोन साली? तेव्हा तुमीच मां पाळलास अस्त, शेवंताच्या लग्नाक? तुमच्या नणंदेक एक न्याय आणि चेडवाक दुसरो?"

जिच्या तोंडाला अख्खा वाडा भितो, ती मी तिची बशी उचलून आत गेले. ती गेल्यावर भांडी आपटली, तुझ्या भावाला बोलले, कोंबड्यांनासुद्धा बोलले. राग काही उतरेना. कारण तो तिच्यावरचा नव्हता.

आता लिहिते ते सलग वाच, मध्ये फाडू नको.

त्या जानेवारीत अनंतशी ठरलेलं तुझं लग्न पुढे ढकललं ते अस्तामुळे, हे खरं. मीच पंचांग पुढे केलं होतं, तेही खरं. पण अस्त फेब्रुवारीत सरला. एका तिन्हीसांजेला तू खाडीवरून तिसऱ्यांच्या शिंपल्यांची टोपली घेऊन धावत आलीस. "वयनी, शुक्र दिसता गे!" मला जनेलाच्या गजांपाशी ओढत नेलंस. समुद्राच्या बाजूला, खाली, एकच ठिपका होता. मी म्हटलं, "खुळी काय? ती ट्रॉलराची बत्ती." तू मानलंस. मला माहीत होतं तो शुक्र आहे. सुविधा पोटात, सातवा महिना, सासू अंथरुणावर. तू गेली असतीस तर बाळंतपण कोणी काढलं असतं?

शिगम्याच्या आधी अनंतचा मामा नवी तारीख विचारायला आला होता. तू नदीवर होतीस. मी त्याला पायरीवरूनच परत पाठवला. "पोरगी लग्नाला तयार नाही" म्हटलं. आणि तुला सांगितलं, त्यांनी दुसरीकडे ठरवलं. त्यांनी ठरवलं ते त्यानंतर, मे महिन्यात.

तुझ्या भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्यावर राग धरू नको.

अस्त दोन महिन्यांचा असतो. मी तो तुझ्या डोक्यावर चोवीस वर्षं ठेवला. तू एकटीच आमोण्याला निघून गेलीस तेव्हा वर तुलाच उपकार विसरणारी म्हटलं.

उद्या सकाळी मी गौरेशच्या घरी जाणार. त्याच्या आईला सगळ्यांसमोर सांगणार, शेवंताचं लग्न अस्तामुळे मोडलं नव्हतं, मी त्याच्या आड लपले होते. आता तुम्ही कशाच्या आड लपलात ते बोला. लग्न होईल नाहीतर साफ मोडेल. पण वाड्याच्या तोंडून हे तुला कळण्याआधी माझ्या हातून कळू दे. सुविधाला काल सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे, तिला तूच तर वाढवलंस.

माफी मागत नाही. मागायला तोंड ठेवलेलं नाही. लग्न झालं तर ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये.

हल्ली रोज तिन्हीसांजेला जनेलापाशी उभी राहते. दिसतात ती मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं. शुक्र वर यायला अजून वेळ आहे म्हणते सुविधा. आला की या वेळी ट्रॉलर म्हणणार नाही.

तुझी वहिनी असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसती,
सुमंगला