पाणबुडीला लावलेली तसबिरीची काच

सातारा, मार्गशीर्षातला गुरुवार, १९४६

आज ह्यांनी लक्ष्मीच्या तसबिरीची काच काढून नेली. आरमारातून सुटून आल्यापासून तेलाच्या पिंपांची एका माणसापुरती पाणबुडी जोडताहेत. उद्या कृष्णेच्या डोहात उतरणार. आतून पुढचं दिसत नाही, म्हणून खिडकी मोठी हवी.

मी म्हटलं, "अहो, दिवाळीत पुसताना आधीची काच माझ्या अंगठ्यानं तडकली. ही तसलीच आहे."

"मग तुझा अंगठा नदीपरास जड हाय!" म्हणून हसले.

उतरलात तर उपास धरीन म्हटलं, तर म्हणे, "आज गुरुवार, उपास तर हायच की!"

पाणबुडीच्या मोटारीच्या तारा खाली-वर जायच्या दोन खटक्यांना जोडल्यात. अंधारात दोन्ही सारखेच. म्हणून वर येण्याच्या खटक्याला मी वटसावित्रीचं उरलेलं सूत गुंडाळलं. डोळे मिटून त्यांनी बरोबर तोच धरला. माझ्या हातून एवढंच झालं. काचेला काय गुंडाळू?

संध्याकाळी मी पूजेला बसले. रोज काचेवर गंध लावते. आज खाली नुसता कागद. बोट पुढे नेलं, अंगठ्याखाली तडकलेली काच आठवली, हात मागे घेतला. गंध वाटीतच वाळलं.